चार्जिंगची गाडी घेण्याआधी
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



विजेवर चालणारी दुचाकी विकत घेताना काय पाहावे, यावर आज मला बोलायला सांगितले आहे. 'विजेवर चालणारी दुचाकी' असे लांबलचक नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. आपण तिला चार्जिंगची गाडी म्हणतो. मीही तसेच म्हणेन.

मी यंत्रातला जाणकार नाही. मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, आणि हेडमास्तर म्हणून २०१८ साली घरी बसलो. पण ही गाडी मी दोनदा विकत घेतली आहे. पहिल्यांदा न विचारता घेतली. दुसऱ्यांदा विचारून घेतली. पहिली गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते. पण ती सांगितल्याशिवाय दुसरी कळायची नाही.

आमचे गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. माझी सून आशा वर्कर आहे. तिच्याकडे गाव आणि वर डोंगरावरच्या तीन वाड्या. रोज चढ-उतार. कोणाला लस द्यायची, कोण बाळंतपणाला आली आहे, हे सगळे बघायला तिला जावे लागते. वडापची जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर पायी. म्हणून २०२१ साली मी ठरविले की तिला गाडी घेऊन द्यायची.

बाजारात नवीन दुकान निघाले होते. दारात फुगे लावलेले. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते, 'लायसन नको, पासिंग नको, एका चार्जिंगमध्ये ६० किलोमीटर.' किंमत ६२ हजार. मला वाटले, सोन्याहून पिवळे! दुकानदार म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारख्यांनी विचार कसला करायचा? आजचा भाव उद्या नाही." मी विचार केला नाही. पैसे मोजले, कागदावर सही केली, गाडी घरी आणली. सुनेने नारळ फोडला.

सपाटीला गाडी छान चालली. आवाज नाही, धूर नाही. पण वाडीचा चढ लागला की ती दमायची. सून एकटी असली तर कशीबशी चढे. पाठीमागे कोणी बसले, की त्याने उतरून चालत यायचे. पुढे पुढे ६० चे ४० झाले, ४० चे २८ झाले. मग आला २०२२ चा जुलै. संध्याकाळची वेळ, धो धो पाऊस. वरच्या वाडीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्याचा फोन आला. सून गाडी घेऊन निघाली. निम्म्या चढात गाडी बंद. चार्जिंग संपले. तिने गाडी झाडाला टेकवून ठेवली आणि उरलेली वाट भिजत, अंधारात चालली. ती पोचेपर्यंत वाडीतल्या लोकांनी जीप मिळवली होती. बाई दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. जीपवाल्याचे उपकार, त्यात आमच्या गाडीचे काही नाही. रात्री घरी आल्यावर सून मला एवढेच म्हणाली, "आबा, पुन्हा त्या गाडीवर जाणार नाही."

मी दुकानात गेलो. तो म्हणाला, "बॅटरी गेली. नवीन संच १५ हजार." मी म्हणालो, "अहो, गाडीला दीड वर्षसुद्धा झाले नाही! गॅरंटी आहे ना?" त्याने मला माझाच कागद दाखविला. त्यावर लिहिले होते, 'बॅटरी वॉरंटी १२ महिने.' खाली माझी सही, वळणदार. चौतीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, बाळांनो, वाचल्याशिवाय सही करू नका! पुढे दिवाळीनंतर ते दुकानही बंद झाले.

आता चूक कुठे झाली, ते ऐका.

पहिली गोष्ट ताकदीची. पाटीवर 'लायसन नको' असे होते, त्याचा अर्थ मी विचारला नाही. कायदा असा आहे की ज्या गाडीची मोटर २५० वॅटपेक्षा मोठी नाही आणि जिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, ती मोटार वाहनात धरत नाहीत. म्हणून तिला पासिंग लागत नाही, लायसन लागत नाही. म्हणजे लायसन नको याचे कारण गाडी चांगली आहे हे नव्हे. ती दुबळी आहे, हे कारण.

२५० वॅट म्हणजे किती? आपल्या विहिरीवरची मोटर तीन किंवा पाच हॉर्सपॉवरची असते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा २५० वॅट म्हणजे घोड्याचा तिसरा हिस्सा! घरात चटणी वाटायचा मिक्सरसुद्धा ५०० नाहीतर ७५० वॅटचा असतो. मिक्सरच्या निम्म्या ताकदीवर दोन माणसे डोंगरावर कशी चढणार? गावातल्या गावात, सपाटीला, म्हाताऱ्या माणसाला देवळात जायला ती गाडी पुरते. तिला मी वाईट म्हणत नाही. आमच्या वाटेला ती नव्हती, एवढेच.

काही दुकानदार म्हणतात, "वेग वाढवून देतो, कोणाला कळतंय?" तसे करू देऊ नका. वेग वाढविला की ती कायद्याने मोटार वाहन झाली. मग पासिंग नाही, विमा नाही. रस्त्यात कोणाला लागले, तर सगळे आपल्या गळ्यात. मोठी गाडी घ्यायची तर रीतसर घ्यावी. तिला हिरवी नंबरप्लेट मिळते, तिच्यावर पांढरे आकडे असतात. लायसन, विमा, हेल्मेट सगळे लागते. तो खर्च आधीच धरावा.

दुसरी गोष्ट बॅटरीची, आणि ही मुख्य. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. चार्जिंगच्या गाडीत बैल म्हणजे बॅटरी. रंग, दिवे, गाणी वाजवायचा भोंगा ही त्याच्या पाठीवरची झूल.

बॅटऱ्या दोन जातींच्या. एक शिशाची, दुसरी लिथियमची. शिशाची स्वस्त, पण जड. रोज वापरली तर वर्ष-दोन वर्षांत दम सोडते. आमची तीच होती. बारा-बारा व्होल्टच्या पाच पेट्या सीटखाली. लिथियमची महाग, पण हलकी, आणि जास्त वर्षे टिकते. दुकानात पहिला प्रश्न हा विचारायचा, "बॅटरी कसली?" तो नुसता 'भारीतली आहे' म्हणाला तर दुसरे दुकान बघायचे.

मग बॅटरीत माल किती मावतो, ते बघायचे. हे तुम्हाला स्वतःला काढता येईल. बॅटरीवर चिठ्ठी असते. तिच्यावर दोन आकडे असतात, एक व्होल्टचा, एक अँपिअर-अवरचा. दोन्हींचा गुणाकार करा आणि १००० ने भागा. आमच्या जुन्या गाडीवर ६० आणि २४ होते. ६० गुणिले २४ म्हणजे १४४०. भागिले १०००, म्हणजे १.४४. दीड युनिटसुद्धा नाही! हे युनिट म्हणजे लाइट बिलावरचेच युनिट, दुसरे काही नाही. कंपनीच्या कागदावर त्याला किलोवॅट-तास म्हणतात. पासिंगची गाडी चांगल्या रस्त्याला एका युनिटमध्ये साधारण २५ ते ३५ किलोमीटर जाते. चढ असला, मागे माणूस असला, वेगाने पळविली, की कमी. आता पाटीवर काहीही लिहू द्या, तुमचा हिशेब तुमच्या हातात आला.

पाटीवरचा आकडा अगदी खोटा असतो असे नाही. पासिंगच्या गाड्यांची तपासणी होते. पुण्यात त्यासाठी एआरएआय नावाची मोठी संस्था आहे. पण ती तपासणी ठरलेल्या रीतीने, ठरलेल्या वेगाने होते. तिथे आपला चढ नसतो, खड्डे नसतात, मागे बसलेली आत्याबाई नसते. पाटीवर १०० असेल तर मी ७० धरतो. चढ मोठा असेल तर ६५.

आता दुसऱ्या गाडीकडे येतो. २०२३ सालच्या दसऱ्याच्या आधी सून म्हणाली, "आबा, गाडी तर लागणारच. पण या खेपेला मी येणार." मी म्हणालो, "चल. आक्कालाही घेऊ." आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सत्तरी उलटलेली. ती लहानपणी शाळेत गेली नाही; मी गेलो, ती गुरांमागे गेली. साठीनंतर याच वर्गात ती अक्षरे शिकली. बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्याने वाचते. त्या दिवशी तिच्या त्या वाचण्याने आमचे पैसे वाचले. सांगतो.

मी दोनरेघी वही घेतली. पानावर उभ्या रेघा मारल्या. एकेका गाडीला एकेक घर. आधी दुकानात गेलोच नाही. कराडला एस.टी. स्टँडबाहेर दोन तास उभा राहिलो. हिरव्या नंबरप्लेटची गाडी दिसली की हात करायचा. "दादा, गाडी घेऊन किती दिवस झाले? पहिल्या वर्षी किती जात होती? आता किती जाते? बिघडली तर किती दिवस दुकानात पडून राहते?" लोक आनंदाने सांगतात. एक दूधसंघातला माणूस म्हणाला, "गुरुजी, गाडी झकास आहे, पण साधा पार्ट यायला एकवीस दिवस लागले." ते मी वहीत लिहिले. असली माहिती छापील कागदावर मिळत नाही.

मग तीन दुकाने केली. पहिल्या दुकानात गाडी देखणी होती. मी म्हणालो, "चढावर नेऊन बघतो." दुकानदार म्हणाला, "इथल्या इथे चौकापर्यंत न्या." आम्ही निघालो. जो बैल दावणीला बांधूनच दाखवितात, तो घ्यायचा नसतो. बाकीच्या दोघांनी गाडी नेऊ दिली. सून पुढे, मी मागे, आणि मध्ये तिच्या औषधांची पिशवी. जेवढे ओझे रोज असणार, तेवढेच घेऊन बघायचे. चढाच्या मध्यावर मी तिला गाडी थांबवायला सांगितली. ब्रेक लावून उभी केली आणि परत उचलायला सांगितली. एक गाडी मागे सरकली. दुसरी निमूट चढली. शिवाय सुनेचे पाय जमिनीला नीट टेकतात का, हेही पाहिले. गाडी ती चालविणार, मी नव्हे.

तिसऱ्या दुकानात कागद बघायला बसलो. दुकानदाराने वॉरंटीचा कागद माझ्या हातात दिला. मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात आक्काने तो ओढून घेतला. बोट ठेवून वाचू लागली. "बॅ-ट-री... तीन वर्षे... किंवा... तीस हजार किलोमीटर... जे आ-धी हो-ईल ते." ती थांबली. "अरे, जे आधी होईल ते म्हणजे काय?" म्हणजे असे, की तीन वर्षे पुरी व्हायच्या आत तीस हजार किलोमीटर झाले, तर वॉरंटी तिथेच संपली. सुनेचे वर्षाला नऊ हजार होतात. तीन वर्षांत सत्तावीस हजार. म्हणजे आम्ही बसत होतो, जेमतेम. दुधाचे रतीब घालणारा माणूस दोन वर्षांतच बाहेर पडेल.

आक्का पुढे वाचू लागली. कोटेशनवर खाली बारीक अक्षरांत होते, "चा-र्जर... वे-ग-ळा." दुकानदार घाईने म्हणाला, "आजी, ते नुसतं लिहायची पद्धत आहे." आक्का म्हणाली, "मग खोडा की." तो गप्प बसला. चार्जरचे काही हजार रुपये किमतीत धरलेच नव्हते! शेवटी त्याने ते किमतीत घेतले आणि सही-शिक्क्यानिशी लिहून दिले. तेव्हा भाव विचारताना असे विचारा, "पासिंग, विमा, चार्जर धरून गाडी माझ्या दारात उभी राहीपर्यंत किती?" अनुदान मिळत असेल तर ते किमतीतून वजा झाले आहे का, तेही विचारा. अनुदानाचे आकडे वरचेवर बदलतात. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. तिच्यात दुचाकीला आधी युनिटमागे ५००० रुपये होते, पुढे ते २५०० झाले. शेजाऱ्याला किती मिळाले यावर जाऊ नका. त्या दिवशीचा आकडा विचारा.

वॉरंटीवर मी एवढा वेळ का घालवितो? हिशेब मांडून दाखवितो. वही काढा.

समजा, रोज ३० किलोमीटर, महिन्यातून २५ दिवस. म्हणजे ७५० किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला ५० देते असे धरू. १५ लिटर लागले. लिटरचा भाव १०५ धरला, तर १५७५ रुपये. चार्जिंगच्या गाडीला भिंतीतल्या एका युनिटात २५ किलोमीटर धरू. कारण भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत उतरत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. ३० युनिट झाले. १०० युनिटच्या वर गेले की बिलाचा दर चढतो, म्हणून १२ रुपये धरू. ३६० रुपये झाले. महिन्याला वाचले १२१५. वर्षाला १४,५८०.

दुकानदार इथे थांबतो. आपण थांबायचे नाही. बॅटरी कधीतरी बदलावी लागणार. समजा नवीन बॅटरी ५० हजारांची, आणि जुनी पाच वर्षे चालली. म्हणजे वर्षाला १०,००० रुपये बॅटरीने खाल्ले. हातात उरले ४,५८०. तीच बॅटरी आठ वर्षे चालली तर वर्षाला ६,२५० खाल्ले, उरले ८,३३०. बघा, गाडी तीच, वीज तीच, पण बॅटरी किती वर्षे टिकते यावर जवळजवळ दुपटीचा फरक! म्हणून किंमत पाच-दहा हजारांनी जास्त असली, तरी ज्या बॅटरीची वॉरंटी लांब, ती माझ्या मते स्वस्त. आणि ज्याचे दिवसाला पाचच किलोमीटर होतात, त्याने पैसे वाचतील म्हणून ही गाडी घेऊ नये. त्याचे महिन्याला दोनशे रुपये वाचतात.

आता घरच्या विजेचे. गाडी घेण्याआधी आपल्या घरातला सॉकेट बघा. पुष्कळ गाड्यांना मोठ्या पिनचा, १५ अँपिअरचा सॉकेट लागतो. अर्थिंग धड पाहिजे. वायरमन बोलावून करून घ्या. हजार-दोन हजार जातील, पण शांत झोप लागेल. लांब वायर जोडून, मध्ये चिकटपट्टी लावून चार्जिंग करू नका. आकडा टाकून तर नाहीच. शेतीपंपाच्या लाइनीवरही लावू नका. ती वीज पंपासाठी दिलेली असते. आमच्याकडे संध्याकाळी दिवे मिणमिणतात, म्हणून आम्ही रात्री दहानंतर किंवा पहाटे लावतो.

या गाड्यांना आग लागते असे तुम्ही ऐकले असेल. २०२२ च्या उन्हाळ्यात तशा घटना घडल्या, एक पुण्यातही घडली. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. त्या नियमाला एआयएस १५६ म्हणतात. ३१ मार्च २०२३ पासून तो पुरा लागू झाला. जुनी, दुसऱ्याच्या हातची गाडी घेणार असाल, तर ती त्याच्या आधीची की नंतरची, हे जरूर पाहा. बाकी काळजी आपणच घ्यायची. लांबून आलेली तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, थोडी निवू द्यावी. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात, किंवा ज्या दारातून आपण बाहेर पडतो त्या दारात ती लावू नये. चार्जर कंपनीचाच वापरावा. शेजाऱ्याच्या गाडीचा बसतो म्हणून लावू नये.

आमच्या आळीतला एक भाऊ दुधाचा धंदा करतो. दोन्ही बाजूंना कॅन, रोज ऐंशी किलोमीटर, खडीचा रस्ता, आणि मधे चार्जिंगला सवड नाही. आमची गाडी बघून तोही घ्यायला निघाला. मी त्याला म्हणालो, "तू इतक्यात घेऊ नको. जुनी पेट्रोलचीच चालव." त्याला राग आला. म्हणाला, "गुरुजींनी स्वतः घेतली आणि मला नको म्हणतात!" मग त्याच्याच हाताने वहीत हिशेब करविला. त्याच्या ओझ्याला जी गाडी पुरेल, तिची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर होती, आणि दुरुस्तीचे दुकान चाळीस किलोमीटरवर. गाडी एक आठवडा बंद पडली तर दूध सांडायचे. तो थांबला. कदाचित पुढच्या वर्षी त्यालाही परवडेल अशी निघेल.

आम्ही गाडी घेतली ती जवळजवळ तीन युनिटची. दारात येईपर्यंत सव्वा लाखाच्या आत बसली. निम्मे पैसे माझे, निम्मे सुनेने कर्ज काढून हप्त्याने फेडले. पाटीवर ११५ किलोमीटर होते. आमच्या वाटेवर ८० निघाले. तेवढे तीन वाड्यांना पुरून उरतात. गेल्या पावसाळ्यात वरच्या वाडीतून पुन्हा तसाच फोन आला. सून रात्री नऊला गेली आणि त्या बाईला जीपमध्ये बसवून, तिच्या मागोमाग दवाखान्यापर्यंत जाऊन पहाटे परत आली. गाडीत तेव्हाही २२ टक्के शिल्लक होते.

दर रविवारी आक्का ओसरीवर येते, गाडीच्या काचेवरचा आकडा वाचते आणि वहीत लिहिते. किती किलोमीटर झाले, किती टक्के उरले. ८० चे आता ७६ झाले आहेत. ते तिनेच मला दाखविले. ती वही आज मी इथे आणली आहे. ज्यांना गाडी घ्यायची असेल त्यांनी खुशाल बघावी, घरे कशी आखली ते उतरवून घ्यावे. पान मात्र कोणी फाडू नका, आक्का मोजून ठेवते.